भीती टाळू नका, उपचार घ्या

संध्याकाळी नागपूरच्या प्रताप नगर चौकात भाजी घेताना अचानक छाती धडधडते, हातपाय गार पडतात, श्वास पुरत नाही आणि ‘आता मी जातो’ असं वाटतं. दवाखान्यात नेईपर्यंत जीव थाऱ्यावर येतो. ईसीजी नॉर्मल, बीपीही ठीक. मग घरचे म्हणतात, ‘गॅस चढला असेल, टेन्शन नको घेऊ.’

वाचकहो, रिपोर्ट चांगला आला म्हणून त्रास खोटा ठरत नाही. धोका नसतानाही मेंदू धोक्याचा इशारा देतो, रक्तात अॅड्रेनलिन वाढतं आणि शरीर पळायची तयारी करतं. यालाच पॅनिक अटॅक म्हणतात. साधारण दहा मिनिटांत तो शिगेला पोहोचतो आणि मग ओसरतो. मात्र छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, विशेषतः चाळिशीनंतर किंवा मधुमेह असेल, तर आधी हृदयाचीच तपासणी करा.

पॅनिक अटॅकखेरीज चिंतेचे इतर आजारही आहेत. काहींना सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोजच, पैसा, मुलं, तब्येत अशी कशाची ना कशाची काळजी पोखरत राहते. झोप उडते, मान-खांदे आखडतात. काहींना चारचौघांत बोलायचीच धास्ती असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये जगात सुमारे 30 कोटी लोकांना चिंतेचा आजार होता. उपचार मात्र चौघांपैकी जेमतेम एकालाच मिळतात.

निदानाआधी डॉक्टर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि हृदयाचे ठोके तपासतात. दम्याचा पंप, दिवसभराचा चहा आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा यांनीही धडधड वाढते. तेव्हा हे सगळं मोकळेपणाने सांगा.

चिंतेचा आजार टिकतो तो टाळाटाळीमुळे. गर्दीत घाबरलो म्हणून माणूस चौकात जाणं सोडतो. त्या क्षणी हायसं वाटतं, पण मेंदू शिकतो की जागाच धोक्याची होती. पुढे बसने जाणं सुटतं, मग लग्नकार्यं सुटतात. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) ही बोलण्यातून, सरावातून होणारी उपचारपद्धती हीच गाठ सोडवते. ‘मला काहीतरी होईल’ हा विचार तिथे तपासून पाहिला जातो आणि भीतीला पायरी-पायरीने सामोरं जायला शिकवलं जातं. आधी कुणाला तरी सोबत घेऊन चौकापर्यंत, मग एकट्याने; पुढे दुपारी बसने बर्डीच्या बाजारात, शेवटी संध्याकाळच्या गर्दीत. प्रत्येक पायरीवर भीती जरा उतरेपर्यंत थांबायचं, पळून यायचं नाही.

गरज असेल तर एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी औषधं दिली जातात. त्यांची सवय लागेल ही भीती नको. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ किंवा थोडी अस्वस्थता होऊ शकते, तेवढ्यावरून औषध सोडू नका. बरं वाटल्यावरही बहुधा सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागतात आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. अल्प्राझोलामची गोष्ट वेगळी. या गोळीने लगेच शांत वाटतं, पण सवय लागते. ती थोडेच दिवस आणि चिठ्ठीनुसारच घ्यावी. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका, झटके येऊ शकतात.

घरच्यांनो, ‘मन घट्ट कर’ म्हणू नका. अटॅक आला की जवळ बसा, श्वास सावकाश सोडायला सांगा, नंतर डॉक्टरांकडे सोबत जा. मेडिकल, मेयो आणि एम्स या नागपुरातल्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत गेलं म्हणजे भरती व्हावं लागतं, असं मुळीच नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतूनही बोलता येतं. कुणाला जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर आजच फोन करा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

भीती पूर्ण जायची वाट पाहत घरात बसू नका. थोडी भीती असतानाच पहिली पायरी चढा. बरं होण्याची सुरुवात तिथूनच होते.