युक्तविहार आणि चित्तस्थैर्य

ध्यानास बसले की मन अधिकच धावू लागते, ही गृहस्थ साधकाची नेहमीची तक्रार. दिवसभर दुकानात अथवा कचेरीत बसून राहिलेला मनुष्य सायंकाळी पुन्हा आसनावर बसतो, आणि घटकाभरात एक तर डुलक्या घेतो किंवा उद्याचे हिशेब मांडू लागतो. हा दोष वैराग्याच्या उणिवेचाच असेल असे नव्हे.

सहाव्या अध्यायात योग कोणाचे दुःख दूर करतो हे सांगताना भगवंतांनी आहाराच्या जोडीनेच विहार सांगितला आहे. विहार म्हणजे करमणूक, असा अर्थ आज सहज मनात येतो. परंतु श्रीमत् शंकराचार्यांनी भाष्यात त्याचा अर्थ ‘पादक्रम’, म्हणजे पायांनी चालणे, असा दिला आहे. निवाऱ्यातील निश्चल दिव्याची प्रसिद्ध उपमा त्यानंतर दोन श्लोकांनी येते. आधी विहार, मग दीप, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

चंदीगडमधील मनीमाजऱ्याच्या गृहस्थाला याचे उदाहरण जवळच सापडेल. तेथील राजा गोपालसिंह यांनी 1811 ते 1815 या काळात बांधविलेले मनसादेवीचे मंदिर आज शेजारच्या पंचकुला जिल्ह्यात आहे. चैत्र व आश्विन नवरात्रांत तेथे मोठी यात्रा भरते. देवीला पायी जावे, दर्शन घ्यावे, प्रदक्षिणा घालावी आणि मग क्षणभर डोळे मिटावे. तोवर चालण्यानेच चित्त पुष्कळसे निवळलेले असते.

अध्ययनातही हाच न्याय आहे. महाराष्ट्रातील शुक्ल यजुर्वेदी माध्यंदिन पाठशाळांत विद्यार्थी मंत्र केवळ मुखाने म्हणत नाही. स्वराप्रमाणे त्याचा उजवा हात वर, खाली व बाजूस फिरत असतो. स्वर चुकला तर हात अडखळतो, आणि हात चुकला तर गुरूंना ती चूक डोळ्यांनी दिसते. मन दुसरीकडे गेले की हात थांबतोच! छापील पुस्तक हाती नसलेल्या काळात संहिता अक्षरशः टिकली, त्यात या हाताचाही वाटा आहे. परीक्षा आली की मुलाचे खेळणे आधी बंद करणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा. मूल जागचे हलत नाही एवढ्यावरून ते अभ्यास करीत आहे असे ठरत नाही.

आधुनिक शास्त्रही याच बाजूचे आहे. 2011 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 120 वृद्ध स्त्रीपुरुष होते. एका गटास वर्षभर, आठवड्यातून 3 दिवस, 40 मिनिटांपर्यंत चालविण्यात आले. दुसऱ्यास केवळ अंग ताणण्याचे व्यायाम दिले. चालणाऱ्यांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित भाग सुमारे 2 टक्क्यांनी वाढला. दुसऱ्या गटात तो घटला.

मात्र विहार ‘युक्त’ हवा, आणि गृहस्थाने नेमके किती चालावे हा प्रश्न उरतोच. व्यायामाची एक खूण सुश्रुतसंहितेत आहे, ती येथेही उपयोगी पडेल. व्यायाम अर्ध्या बळाइतकाच करावा. हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजेच धाप लागू लागली, की अर्धे बळ खर्च झाले असे समजून थांबावे.