मृगाआधी उरका लाकडी प्लांटरची जोडणी

रोहिण्या लागल्या की शहरातल्या गच्चीवरच्या बागाईतदारांची लगबग सुरू होते. हल्ली बियाण्यांच्या पाकिटांबरोबर त्यांच्या दारात एक चपटं खोकंही येऊन पडतं. आत पाईनच्या फळ्या, स्क्रूंची पुडी, एक एलन की आणि चित्रांचा कागद. जोडणी तासाभराचीच असते. पावसाळा सोसायचा तर मेहनत त्याआधी घ्यावी लागते, आणि मुंबईत मोसमी पावसाची सरासरी तारीख 11 जून असल्याने ती मे महिन्यातच उरकलेली बरी.

फळीत पाणी सर्वांत जास्त शिरतं ते कापलेल्या टोकांतून. म्हणून फळ्या सुट्या असतानाच टोकांना आणि स्क्रूच्या भोकांत जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. भाजीपाला लावायचा असेल तर कच्चं तेलच घ्यावं. रंगाच्या दुकानातल्या ‘बॉइल्ड’ तेलात लवकर सुकण्यासाठी बहुधा धातूंचे क्षार मिसळलेले असतात. कच्चं तेल मात्र सुकायला बरेच दिवस घेतं. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो, म्हणून ती उघड्यावर पसरून वाळवावीत.

जोडताना सगळे स्क्रू आधी हातानेच सैल बसवावेत. मग दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. ते सारखे भरले की चौकट काटकोनात आली. त्यानंतरच एलन की फिरवावी. ड्रिल मशीनने घाईने आवळलं, तर पाईनची फळी टोकाला चिरते. पुडीतले स्क्रू साधे लोखंडी वाटले तर स्टेनलेस स्टीलचे आणावेत, कोकणपट्टीत तर आणावेतच. तळाच्या फळ्यांत पाच-सहा मिलिमीटर फट ठेवावी. ओलं लाकूड लांबीत फारसं वाढत नाही, रुंदीत फुगतं, आणि फट नसेल तर तळ वर उचलला जातो.

काही जण जुन्या पॅलेटच्या फळ्यांतून प्लांटर बनवतात. पॅलेटवरचा शिक्का तेवढा वाचावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता दिलेलं लाकूड, ते चालेल; ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते भाजीला नको.

वजनाचा हिशेब बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. 90 बाय 45 सेंटिमीटरचा आणि 30 सेंटिमीटर खोल प्लांटर सुमारे 120 लिटरचा होतो. नुसती माती भरली तर भिजल्यावर तो दीडशे किलोच्या पुढे जातो. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकातला भार चौरस मीटरला साधारण 150 किलो धरलेला आहे. म्हणून प्लांटर स्लॅबच्या मधोमध न ठेवता तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवावेत, आणि इमारत जुनी असेल तर अभियंत्याला विचारावं. माती, कंपोस्ट आणि कोकोपीट समभाग घेतलं की वजन उतरतं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी तर उसाच्या चिपाडाचा आधार घेऊन गच्चीवर भाजी आणि फळं पिकवली होती.

प्लांटर जिथे राहणार तिथेच जोडावा. भरल्यावर तो हलत नाही. पाय विटांवर टेकवले की खालून वारा खेळतो आणि वाळवीही लवकर नजरेस पडते. आत अस्तराचं प्लॅस्टिक लावलं तर त्याला तळाशी भोकं पाडायला विसरू नये. 30 सेंटिमीटर खोलीत भेंडी, गवार, वांगी येतात. माठ-पालकाला निम्मी खोली पुरते, पण कोवळी पानं धो-धो पावसात झोडपली जातात, तेव्हा त्यांचा प्लांटर पागोळीखाली नको.