वाढत्या दुग्धव्यवसायात उमेद आणि सावधगिरी

लोहमार्ग १८५४ साली ठाण्याहून पुढे कल्याणपर्यंत पोहोचला आणि या टापूतील वस्ती वाढत गेली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या अठरा लाखांवर व कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांवर होती. कल्याणातील एक जुना भाग तर 'दूध नाका' या नावानेच ओळखला जातो. अशा बाजारपेठेजवळच्या म्हैसपालकाने धंदा वाढविण्याची उमेद बाळगणे योग्यच होय. परंतु ही वाढ किती वेगाने करावी, हे मात्र हिशेबाने ठरवावे.

हिशेब कसा मांडावा

दहा म्हशी असून प्रत्येक म्हैस ऐन भरात दिवसास १० लिटर दूध देते असे समजू. उत्साहाच्या भरात मालक रोजचे १०० लिटर धरतो व त्यावर कर्जाचा हप्ता बांधून घेतो. वास्तविक म्हैस व्याल्यापासून सुमारे ३०० दिवस दुधात राहते आणि दोन वेतांत साधारण १५ महिन्यांचे अंतर पडते. म्हणजे दहांपैकी सहा-सात म्हशीच एका वेळी दुधात असतात. भर ओसरल्यावर दूधही उतरते. वेताची सरासरी ६ लिटर धरल्यास गोठ्याचे रोजचे दूध ४० लिटरांच्या आसपास येते. वैरण, पेंड, मजुरी व हप्ता हे सर्व या ४० लिटरांतून भागत असेल, तरच अकराव्या म्हशीचा विचार करावा. सर्व म्हशी एकदम विकत घेतल्यास त्या एकदमच आटतात. म्हणून खरेदी काही महिन्यांच्या अंतराने करावी.

संकटाची तरतूद

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीच्या पुराने कल्याण परिसरात हाहाकार उडविला. नदी व खाडीकाठच्या सखल जागेत गोठा वाढविण्यापूर्वी पुराची पातळी पाहावी आणि जनावरे हलविण्याची उंच जागा आधीच ठरवून ठेवावी. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले व मिठाईची दुकाने बंद राहिली. सारे दूध एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकास घालणे किती धोक्याचे असते, हे त्या वेळी दिसून आले. घरोघरचा रतीब, दूधसंस्था व दुकाने यांत दूध विभागून द्यावे.

भीती म्हणजे सावधगिरी नव्हे

खर्च वाचतो म्हणून भाकड झालेली चांगली म्हैस विकून टाकणे, पारड्यांची आबाळ करणे किंवा पावसाळ्यापूर्वीची घटसर्पाची लस टाळणे, यास सावधगिरी म्हणता येत नाही. भाकड म्हैस गाभण असल्यास ती पुढील वेताचे भांडवल होय. उत्तम पारडी वाढविणाऱ्यास पुढे बाहेरून महाग म्हैस आणण्याची गरज कमी पडते. येथे हात आखडणारा मालक आजचे चार पैसे राखतो व उद्याचा धंदा गमावतो.

कार्यकर्त्यांनी काय करावे

कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी कार्यकर्त्याने मालकाबरोबर व गोठ्यातील गड्यांबरोबर बसून प्रत्येक म्हशीची व्याल्याची तारीख, रोजचे दूध व आटण्याचा अंदाज वहीत लिहून घ्यावा. भाकड महिन्यांसाठी व वैरणीसाठी निदान तीन महिन्यांचा खर्च शिलकीत आहे काय, हे पाहावे. ही शिल्लक नसेल, तर नवीन खरेदी पुढील हंगामापर्यंत लांबविण्याचा सल्ला द्यावा. ती असेल, तर मालकास मागे ओढू नये.