पोथीचा त्रिकाळ

भूत, वर्तमान आणि भविष्य हे काळाचे तीन भेद सर्वांस ठाऊक आहेत. परंतु भारतीय जीवनात भूतकाळ मागे पडून जात नाही. तो देवघरात, तीर्थस्थानात आणि पोथीच्या रुमालात वर्तमान होऊन बसलेला असतो. तो केवळ बसलेला आहे की बोलतोही आहे, एवढाच प्रश्न उरतो. या प्रश्नाच्या विचारास महानुभाव वाङ्मयाइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर श्रीनागदेवाचार्यांच्या अनुमतीने म्हाइंभटांनी लीळांचे संकलन केले. अभ्यासक हा काळ शके १२०० च्या, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमाराचा मानतात. ज्यांनी लीळा प्रत्यक्ष पाहिल्या, त्यांना ठिकठिकाणी गाठून त्यांनी आठवणी मिळविल्या. पाहणारे वृद्ध होत होते आणि न पाहिलेले पुढे जन्मास यावयाचे होते. हे संकलन झाले भूताचे, परंतु ते केले भविष्यासाठी.

भाषेचा निर्णयही असाच दूरदृष्टीचा होता. संस्कृतात ग्रंथरचना करू इच्छिणाऱ्या केशोबासांना आचार्यांनी निवारले. त्यायोगे सामान्य म्हाताऱ्या स्त्रिया शास्त्रास मुकतील, हे त्यांचे कारण 'स्मृतिस्थळा'त नोंदलेले आहे. याप्रमाणे भाषेचे दार उघडे राहिले.

पुढे चौदाव्या शतकात रवळोव्यासांची सकळ लिपी आली. तिच्यामागून सुंदरी, पारमांडल्य, अंक इत्यादी लिप्याही झाल्या. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर वा चिन्ह योजावे, ही त्यांची रीत. संकेत जाणणारा सहज वाचतो. न जाणणाऱ्यास भाषा मराठी असूनही एक शब्द उमगत नाही. याप्रमाणे लिपीचे दार बंद झाले.

येथे शंका उद्भवते. जे शास्त्र म्हाताऱ्या स्त्रियांसाठी मराठीत ठेविले, तेच पुढे सांकेतिक लिपीत का झाकिले? हे दोन निर्णय परस्परविरुद्ध नव्हेत काय? याचे समाधान असे की, मराठी भाषा हा पंथाचा स्वभाव होय, सांकेतिक लिपी हा आपद्धर्म होय. धाडी, परचक्र आणि कुचेष्टा यांपासून शास्त्र राखावयाचे होते, म्हणून ते झाकिले. त्याच लिपीच्या आश्रयाने हे मराठी ग्रंथ पंजाबात व काबुलापर्यंत गेले आणि टिकले. परंतु आपद्धर्माची मर्यादा आपत्तीइतकीच असते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा अभ्यासकांपुढे मांडला. पुढे अनेक ग्रंथ छापून आले, आणि सर्वांस वाचता येऊ लागले.

आजची आपत्ती निराळी आहे. वाळवी, ओल आणि विस्मरण हे आजचे शत्रू होत, आणि यांच्यापासून गुप्तता रक्षण करीत नाही; उलट त्यांस साहाय्य करते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ झाले. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन करण्यासाठी 'ज्ञानभारतम्' योजना घोषित झाली. हे सर्व इष्टच आहे. परंतु छायाचित्र म्हणजे वाचन नव्हे. सकळ लिपीतील पोथीचे छायाचित्र घेतले तरी वाचणारा नसेल, तर पूर्वी रुमालात बंद असलेली पोथी आता यंत्रात बंद झाली, एवढाच भेद.

म्हणून पोथीस वंदन करणाऱ्या प्रत्येक आश्रमाने आपल्याकडील लिखितांची यादी करावी. ज्या वृद्ध महंतांस वा तपस्विनींस लिपीचा संकेत व अर्थाची परंपरा मुखोद्गत आहे, त्यांच्यापाशी एक तरी तरुण भिक्षुक बसवावा. वासनिकांनी आपल्या मुलांस पोथी केवळ पुजावयास नव्हे, वाचावयास द्यावी. म्हाइंभटांनी साक्षीदार हयात असतानाच त्यांस गाठले. आजचे साक्षीदारही हयात आहेत. ते सदैव असतील असे नाही.