फुटाचा इंच

चि. मुक्ता हीस अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे पावली. प्लायवूडच्या तुकड्यांतून तू उभा केलेला दुमजली सांगाडा भिंग घेऊन निरखला. कोपरे काटकोनात आहेत, जिना जागच्या जागी आहे, आणि पुढची भिंत बिजागरीवर उघडते ही सोय तर उत्तमच. आता त्यात पुण्याकडचा जुना वाडा सजवावा असा तुझा मानस आहे आणि बाजारातल्या तयार चिमुकल्या जिनसांच्या किमती पाहून तुझा धीर खचला आहे, असे लिहितेस. त्या किमतींनी तुझ्यावर उपकारच केले, असे मी म्हणेन. ज्याचे उभे आयुष्य मोजणी खात्यात साखळी ओढण्यात आणि नकाशे काढण्यात गेले त्याला तू या कामी सल्ला विचारलास हे योग्यच झाले. कारण बाहुलीच्या घरात निम्मे काम हाताचे आणि निम्मे मापाचे असते, आणि मापाला पैसे पडत नाहीत.

प्रथम साल ठरव. ‘जुना वाडा’ एवढ्याने भागत नाही. पेशवाई १८१८ साली बुडाली. त्यापूर्वीचे घर दाखवायचे असेल तर छपरावर नळीची कौले हवीत, कारण मंगळूरी कौलांचा बासेल मिशनचा कारखाना निघाला तोच १८६५ साली. माजघरात लक्ष्मीची छापील तसबीर टांगायची असेल, तर रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत १८९४ साली सुरू झाला, हे ध्यानात धरून त्याच्या अलीकडचे साल घ्यावे लागेल. माझे मत विचारशील तर १९१० च्या सुमाराचे घर धर, आणि त्यात राहणारी माणसेही मुक्रर कर: कलेक्टर कचेरीतला एक कारकून, त्याची सोवळ्यातली आई, बायको आणि पाळण्यातले मूल. एवढे ठरले की काय ठेवावे आणि काय वगळावे याचा निवाडा तुझा तुलाच करता येतो. कारकून आहे, म्हणून ओसरीवर उतरते मेज, दौत, टाक आणि लाल रुमालात बांधलेले दप्तर. आई सोवळ्यातली आहे, म्हणून आढ्याला टांगलेली वलणी आणि तिच्यावरचे लुगडे काढण्याची काठी. आणि साल १९१० आहे, म्हणून स्टेनलेस स्टीलचा पेला कितीही हुबेहूब साधला तरी त्याला या घरात मज्जाव.

मापाचा शिरस्ता जगभर बहुधा एकास बाराचा आहे, म्हणजे फुटाचा इंच. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी एडविन लट्यन्स याने १९२१ ते १९२४ या काळात जे बाहुलीघर रचले आणि जे आज विंडसरच्या किल्ल्यात आहे, तेही याच मापाचे. त्यातल्या नळांना खरोखरीचे पाणी येते आणि ग्रंथालयासाठी कॉनन डॉयलसारख्या लेखकांनी नखाएवढ्या पुस्तकांत मजकूर लिहून दिला. हाच लट्यन्स त्या वेळी नवी दिल्लीतला व्हाइसरॉयचा प्रासाद बांधीत होता, तेव्हा मोठ्या घराच्या आणि छोट्या घराच्या आखणीत त्याला फारसे अंतर वाटत नसावे. तू त्या घराची श्रीमंती सोडून दे आणि माप तेवढे घे. दोन फुटी समई दोन इंचांची, दीड फुटी पाट दीड इंचाचा, आणि जिन्याची नऊ इंची पायरी पाऊण इंचाची. काडीपेटीची फणेरपेटी आणि टोपणाची कळशी शेजारी शेजारी मांडली आणि त्यांतली एक दुसरीच्या दीडपट निघाली, की पाहणाराच्या डोळ्याला नेमके काय खटकले ते सांगता येत नाही, पण खटकते खरे. म्हणून कोणतीही वस्तू करण्यापूर्वी घरातल्या किंवा शेजारच्या खऱ्या वस्तूला फूटपट्टी लाव आणि वहीत नोंद कर.

आता खर्चाविषयी. तुझ्या पत्रातल्या यादीत पलंग, आरसा, खुर्च्या, कपाटे असे बावीस जिन्नस आहेत, त्यांपैकी निम्म्याहून अधिकांवर मी काट मारली आहे. आपल्या जुन्या घरांतून सामान थोडे असे. माणसे जाजमावर आणि पाटावर बसत, वस्तू कोनाड्यांत आणि खुंट्यांवर राहत, आणि घराचे वैभव म्हणावे ते खांबांत, तुळयांत आणि महिरपींत दिसे. तेव्हा रिकामी भुई दिसली म्हणून घाबरू नकोस, आणि सारा वेळ भिंती-खांबांवर घाल. सुरुदार खांबासाठी लाकूड कोरण्याचे कारण नाही. जुन्या वहीच्या कागदाची लांब, एका टोकाशी निमुळती होत जाणारी पट्टी काप, तिला खळ लावून बांबूच्या काडीवर रुंद टोकाकडून घट्ट गुंडाळीत ने. मध्ये फुगीर आणि दोन्ही अंगांना उतरता असा घाट आपोआप येतो. अशा तीन-चार गुंडाळ्या एकावर एक बसवल्या, खाली चौकोनी तळखडा दिला आणि काताच्या पाण्याचे दोन हात फिरवले, की सागवानाचा भास होतो. कोनाडे मात्र भिंत रंगवण्याआधी काप. मागाहून कापलेला कोनाडा चिंधीसारखा दिसतो.

समई पितळी मण्यांची कर: ते टाचणीत ओव, आणि वर-खाली जुन्या पोलक्याची टिचबटणे बसव. जात्यासाठी शाडूत चाळलेली वाळू आणि थोडा डिंक मिसळून सव्वा इंचाच्या दोन चकत्या थाप. शाडू वाळताना आकसतो, म्हणून साचा किंचित मोठा घे. चकत्या ओलसर असतानाच जुन्या दातघाशीने टोचल्या की टाकी लावल्याच्या खुणा उमटतात. खुंट्याला काडीपेटीतली एक काडी पुरते.

कापडाच्या बाबतीत सावध राहा. खणाच्या तुकड्यातली बुट्टी आपल्या अंगावर नाजूक दिसते, पण बाराव्या हिश्शाच्या वलणीवर ती थाळीएवढी भासते. म्हणून नक्षीचे कापड टाळ आणि साध्या, झिजून मऊ झालेल्या सुती लुगड्याचा, बारीक काठाजवळचा तुकडा घे. शिवाय एवढेसे कापड आपल्या भाराने खाली पडत नाही, पुठ्ठ्यासारखे ताठ उभे राहते. त्याला पातळ खळीत बुडवून पिळावे, वलणीवर टाकावे, प्रत्येक चुणीत टाचणी खोचावी आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी टाचण्या काढल्यावर ते धुऊन वाळत घातल्यासारखे लोंबते. सारवलेल्या भुईसाठी लाकडाचा बारीक भुसा डिंकात कालवून हाताच्या तळव्याने अर्धवर्तुळाकार फिरवावा. ब्रशाने फिरवलास तर ती भुई सारवल्यासारखी न दिसता रंगवल्यासारखी दिसेल.

तुझ्या आजीच्या रुखवतात अशी कारागिरी पुष्कळ होती, आणि ती कला आपल्या घरातून अजून गेलेली नाही. पण रुखवतात सगळे नवे आणि झगमगीत असावे लागते, तर तुझ्या वाड्यात चुलीवरची भिंत काळवंडलेली आणि उंबरठा मधोमध झिजलेला असला पाहिजे. काजळी पणतीवर धर आणि बोटाने वरच्या दिशेने फिकी करीत ने. चमकी या घरात कोठेही नको, देवघरातसुद्धा नको. हे मी जरा हट्टाने सांगतो आहे, पण तुझा चमकीचा सोस मला ठाऊक आहे.

दिवाळीच्या सुटीत पुण्यास ये. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवून १९७५ साली सरकारच्या स्वाधीन केलेल्या संग्रहालयात नित्याच्या वापराची भांडी, दिवे आणि कोरीव दरवाजे पाहायला मिळतील. डोळ्यांनीच मापे घेण्याचा सराव तेथे होईल, आणि मी बरोबर असेन. तोपर्यंत ओसरी आणि माजघर एवढेच हाती घे, वरचा मजला तसाच राहू दे. झालेल्या खर्चाची फर्द दर महिन्याला मला पाठवीत जा. एकूण रक्कम पाचशे रुपयांच्या आत राहिली तर दिंडी दरवाजाच्या पितळी कड्या मी माझ्या खर्चाने करवून देईन.

आईबाबांस नमस्कार सांग.

तुझा,
अण्णाकाका