आधी पाणी, मग वाट

तू जूनमध्ये सायकल घेऊन येतेयस आणि तीन महिने राहणार आहेस, हे ताईनं फोनवर सांगितलं त्या दिवसापासून मी मनात एकेक गोष्ट गोळा करतोय. त्यातल्या निम्म्या माझ्या वडिलांच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या. आंबेनळी घाटात ते मैलकुली होते. वाट्याला आलेल्या रस्त्याची गटारं साफ ठेवायची, मोऱ्या तुंबू द्यायच्या नाहीत, दरड आली की वर्दी द्यायची, हेच त्यांनी आयुष्यभर केलं. उरलेल्या निम्म्या मला इथं कॅनडातल्या युकॉनमध्ये, कारक्रॉसच्या मोंटाना डोंगरावर वाटा काढताना मिळाल्या. आता माझे गुडघे कुदळीला साथ देत नाहीत. म्हणून तुझ्या कानावर घालून ठेवतो.

कारक्रॉस आमच्या व्हाइटहॉर्सपासून दक्षिणेला सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर, बेनेट सरोवराच्या टोकाशी आहे. कॅरिबूंचे कळप तिथं अरुंद पाणी ओलांडायचे म्हणून नाव पडलं कॅरिबू क्रॉसिंग, त्याचंच पुढं कारक्रॉस झालं. गाव कारक्रॉस-टॅगिश फर्स्ट नेशनचं, म्हणजे टॅगिश आणि ट्लिंगिट लोकांचं. त्यांची सहा कुळं, काही कावळ्याच्या बाजूची, काही लांडग्याच्या. कूळ आईकडून चालतं. त्या हिशेबानं मामा आणि भाचरं एकाच कुळातली, आणि बाप दुसऱ्या. पोरांना हाताशी धरून शिकवायचं ते मामानं, ही ट्लिंगिटांची जुनी रीत. रीत त्यांची आहे, पण मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला तुझीच आठवण आली होती.

तर पहिली गोष्ट. गेल्या गेल्या कुदळीला हात घालू नकोस. त्या डोंगरावर न विचारता आलेल्यांची रांग फार मोठी आहे. 1896 च्या ऑगस्टमध्ये क्लोंडाइकचं सोनं सापडलं, तेव्हा याच लोकांतला कीश, त्याचा भाचा का गूख आणि बहीण शाव त्ला तिथं होते. पहिल्या शोधाचा दावा मात्र शाव त्लाच्या गोऱ्या नवऱ्याच्या नावावर नोंदला गेला. मग सोन्यामागं धावणारे हजारो लोक बेनेटच्या पाण्यातून पुढं गेले. 29 जुलै 1900 ला कारक्रॉसमध्ये आगगाडीचे रूळ जोडले गेले. पाठोपाठ चांदीच्या खाणी आल्या आणि बंदही पडल्या. मुलांना आईबापांपासून तोडणारी निवासी शाळा गावाजवळ 1969 पर्यंत चालली. जमिनीच्या हक्काच्या करारावर सह्या व्हायला 2005 साल उजाडलं.

लगेच पुढच्या वर्षी, 2006 मध्ये, फर्स्ट नेशननं गावातल्या पोरांच्या हाती कुदळी दिल्या. उन्हाळाभर पगारावर काम, आपल्याच डोंगरावर आपल्याच हातानं वाटा काढायच्या. उपक्रमाचं नाव ‘सिंगलट्रॅक टु सक्सेस’. सायकलवाले त्या डोंगरावर आधीही जात होते. फरक पडला तो वाट कुठून जाईल हे कोण ठरवणार, यात. त्या पोरांवर 2016 साली ‘शिफ्ट’ नावाचा माहितीपट निघाला, येण्याआधी जमला तर बघ. तिथं कामावर गेलीस की तुझ्याहून लहान पोरगंही तुझा मुकादम असू शकेल. त्यानं सांगितलं तिथंच खण. अमुक ठिकाण सोडून वाट वळवली आहे असं दिसलं आणि कारण कुणी सांगितलं नाही, तर विचारत बसू नकोस. काही जागा सांगायच्या नसतात. आपल्याकडे देवराईत काडी तोडत नाहीत, त्याची कारणं तरी आपण कुठं मागतो?

आता पाण्याचं सांगतो. हे नीट ऐक, कारण यात मी स्वतः चुकलो आहे.

आजोबांचा घाटरस्ता डोंगराच्या अंगाला झुकलेला असायचा. पाणी आतल्या गटारात उतरायचं, गटारातून मोरीत आणि मोरीतून दरीत. मी तेच डोळ्यांपुढं ठेवून पहिल्या उन्हाळ्यात मोंटानावर वीसेक फूट वाट कोरली. वाट आत झुकलेली, कडेला सुबक चर, आणि बाहेरच्या अंगाला खणलेल्या मातीचा थापून बसवलेला कठडा. मला ती फार देखणी वाटली होती. पुढच्या वर्षी बर्फ वितळल्यावर गेलो, तर तिथं वाट उरली नव्हती, गुडघाभर खोल नाला झाला होता. चर पाण्याला बाहेर सोडत नव्हता आणि कठडा त्याला अडवत होता. वरून आलेलं सगळं पाणी वाटेवरूनच धावलं. पोरांनी काही न बोलता तो तुकडा बुजवला, वर शेवाळ आणि फांद्या पसरल्या आणि सहा फूट वरून नवी वाट आखली. मला ते शब्दांपेक्षा जास्त लागलं.

घाटात मोरी साफ करायला मैलकुली असतो. डोंगरातल्या पायवाटेला मैलकुली नसतो, म्हणून तिथं पाणी अडवायचंही नाही आणि वळवायचंही नाही, ते आडवं ओलांडून जाऊ द्यायचं. वाट तीन फूट रुंद असेल तर बाहेरची कड आतल्यापेक्षा दोनेक इंच खाली ठेव. बाहेर मातीचा उंचवटा राहू देऊ नकोस. वाट सरळ उतारावरून खाली कधी नेऊ नकोस, डोंगराला आडवी ने. डोंगराचा उतार जेवढा, त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ कमी हवा. उतार शंभराला तीस असेल तर वाट पंधराच्या आत, आणि एकूण सरासरी शंभराला दहाच्या आसपास. चढ कितीही सौम्य असला तरी मधूनमधून वाट जराशी खाली घालून पुन्हा वर उचलायची. म्हणजे पाण्याला वेग धरायच्या आधीच बाहेर पडायला दार मिळतं. सायकलवर तिथं पोटात गुदगुल्या होतात आणि लोकांना वाटतं ती गंमत म्हणून केली आहे.

दुसरं, वाट खुदाईवर हवी, भरावावर नको. अर्धी खणून अर्धी मातीनं भरून काढली की काम लवकर उरकतं, पण भराव खचतो आणि चाकं पहिल्यांदा बाहेरचीच कड खातात. पूर्ण रुंदी डोंगरात कोर. शेवाळ, पानं, मुळांचा वरचा थर सगळा काढ, तो स्पंजासारखा पाणी धरतो. खालची खरी माती लागेपर्यंत थांबू नकोस. निघालेला काळा थर फेकू नकोस, वरच्या कापलेल्या अंगावर पसर, तिथं पुन्हा हिरवं धरतं. पुलास्की म्हणून एक हत्यार तुला देतील. एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळ. मुळाला कुऱ्हाडीची बाजू, मातीला कुदळीची. मूळ तोडायचं तर एका घावात स्वच्छ तोड, चावून ठेवू नकोस.

खणताना एकदा थांब आणि आतल्या कापाकडे बघ. काळ्या मातीखाली बोटभर पांढरी रेघ दिसेल, कुणी रांगोळीची चिमूट ओढल्यासारखी. बोटावर घेऊन चोळलीस तर कचकच लागते. ती ज्वालामुखीची राख आहे. अलास्काच्या हद्दीजवळ सुमारे 850 साली मोठा उद्रेक झाला, त्याची राख दक्षिण युकॉनभर पसरली. आपल्याकडे तेव्हा मान्यखेटला राष्ट्रकूट अमोघवर्ष राज्य करत होता. त्या रेघेच्या वर जेमतेम वीतभर माती आहे. बाराशे वर्षांत इथं एवढीच माती झाली! म्हणून सांगतो, एक घमेलंसुद्धा उगाच उकरू नकोस.

तसंच दगडफुलाचं. आपण मसाल्यात घालतो ना, त्याच्याच नात्यातलं पांढुरकं शेवाळासारखं काहीतरी इथं जमिनीवर गादीसारखं पसरलेलं असतं. थंडीत कॅरिबू बर्फ उकरून तेच खातात. ते वाढतं फार सावकाश, आणि चाकाखाली एकदा भुगा झालं की वर्षानुवर्षं तसंच राहतं. इथल्या लोकांनी कळप सावरावेत म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून कॅरिबूची शिकार आपणहून थांबवली. पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न त्यांनी ताटातून बाजूला ठेवलं आहे. तुला समोरचं डबकं चुकवायला दोन फूट बाजूनं जावंसं वाटेल, तेव्हा हे आठव आणि डबक्याच्या मधून जा. सायकल धुता येते.

‘माउंटन हीरो’ ही तिथली नावाजलेली वाट. मूळ वाट खाणीच्या काळातली. वरून उतरताना चांदीचं खनिज खाली आणणाऱ्या जुन्या तारमार्गाचे लाकडी मनोरे लागतात, गंजलेल्या तारा, डबे, खिळे पडलेले असतात. फोटो काढ, पण खिळासुद्धा खिशात घालू नकोस. कायद्यानंही ते चालत नाही.

सायकल चालवायचं तुला माझ्याहून जास्त कळतं, तरी दोन-तीन गोष्टी सांगतोच. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. मागचं चाक जाम करून घसरवत उतरलीस की एका उतरणीत जेवढी माती सुटते, तेवढी सरळ करायला कुणाची तरी अख्खी सकाळ जाते. मी त्या सकाळी घालवल्या आहेत. चढून येणाऱ्याला वाट द्यायची, थांबायचं ते उतरणाऱ्यानं. ओल्या वाटेवर चाकाची खूण खोल उमटायला लागली की मागं फिर, वाट अजून तयार नाही. वरच्या पठारावर बर्फ जूनच्या शेवटापर्यंत असतो. आणि उजेडाला भुलू नकोस. जूनमध्ये एकोणीस तास दिवस असतो, रात्री दहालाही दुपार वाटते, पण तुझ्या मांड्या नाशिकच्याच घड्याळानं थकणार. विंडी आर्म नावाच्या सरोवराच्या फाट्यावरून वारा सुटला की दहा मिनिटांत बोटं ब्रेकवर वळत नाहीत. वाऱ्याचं जाकीट ऑगस्टमध्येही पिशवीत हवं.

अस्वलांबद्दल ताईला काळजी आहे, तिला खोटं सांगणार नाही: अस्वलं आहेत, तपकिरी ग्रिझ्लीही आणि काळीही. सायकल पायी चालणाऱ्यापेक्षा वेगानं आणि आवाज न करता जाते, धोका तिथंच आहे. आंधळ्या वळणाआधी हाक दे, मराठीत दिलीस तरी चालेल. मिरचीचा फवारा कमरेला लाव. पाठीवरच्या पिशवीत ठेवलेला फवारा नसल्यासारखा. सोपबेरीची लाल फळं पिकली की झुडपांत अस्वलं तासन्‌तास चरतात, त्या दिवसांत त्या बाजूला एकटी जायचं नाही. हे सांगणं नाही, ही अट आहे.

कामाच्या ठिकाणी जेवायला बसलात की डबा सगळ्यांपुढं उघड. गावातलं कुणी वडीलधारं वर आलं तर पहिलं त्यांना वाढ, मग बस, आणि ऐक. मी त्या डोंगरावर जे शिकलो त्यातलं बरंचसं जेवणाच्या सुट्टीत शिकलो.

निघण्याआधी एक काम कर. आपल्या घराच्या माळ्यावर आजोबांची कुदळ असेल. दांडा काढून नुसतं पातं आण, दांडा आपण इथल्या बर्चचा बसवू. पातं वायरब्रशनं घासून, धुऊन, कोरडं करून गोणपाटात गुंडाळ. सायकलच्या टायरांची, बुटांच्या तळव्यांची मातीही ब्रशनं काढ. कॅनडात बाहेरची माती आणू देत नाहीत, आणि विमानतळावर विचारलंच तर लपवू नकोस, आहे ते सांग. पातं मोठ्या बॅगेत टाक, हातातल्या नको.