पटवून देण्याचे शब्द : धार-देवासच्या विद्यार्थ्यांसाठी

देवासच्या एखाद्या मराठी घरात आजी म्हणते, "संध्याकाळी उशीर झाला तरी हरकत नाही." नातू दिवसभर हिंदी शाळेत असतो आणि तिथे 'हरकत' म्हणजे खोडी, नको ते वागणे. बोलण्याच्या ओघात दोघांचेही भागते. तोच नातू मराठीत निबंध लिहायला बसला आणि एखादे मत वाचणाऱ्याला पटवून द्यायची वेळ आली, की मात्र अडतो.

धार आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीची पवारांची संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेशात आली. शाळा, कचेरी आणि बाजार हिंदीचे झाले. मराठी उरली घरात, सणावारात, भजन-कीर्तनात. या जागा जिव्हाळ्याच्या खऱ्या, पण तिथे मुद्देसूद वाद कोणी घालत नाही. (गणेशोत्सवाच्या वर्गणीची बैठक सोडून!) त्यामुळे भाषेतले जे शब्द सर्वांत आधी झिजतात, ते मतभेदाचे. ही झीज लवकर लक्षातही येत नाही, कारण शब्द दोन्ही भाषांत दिसायला सारखेच असतात.

'आपत्ति' घ्या. हिंदी वर्गात 'मुझे आपत्ति है' म्हणजे मला हे मान्य नाही. मराठीत 'माझी आपत्ती आहे' असे लिहिले तर वाचणारा काळजीत पडेल, कारण मराठीत आपत्ती म्हणजे संकट. इथे मराठी शब्द हवा 'आक्षेप' किंवा आजीचा 'हरकत'. पण हिंदीतला 'आक्षेप' दोषारोपाकडे, टोमण्याकडे झुकतो. म्हणून हिंदीत शिकलेल्या मुलाला 'तुझ्या म्हणण्यावर माझा आक्षेप आहे' हे वाक्य भांडणासारखे वाटते आणि तो ते लिहायचे टाळतो. मराठीत ते अगदी सभ्य वाक्य आहे.

'तर्क'चेही असेच. हिंदी प्रश्नपत्रिका 'तर्क दीजिए' म्हणते तेव्हा तिला कारणे हवी असतात. मराठीत 'तर्कशुद्ध' आणि 'तर्कशास्त्र' आहेत, पण नुसता 'तर्क करणे' म्हणजे बहुधा अंदाज बांधणे. 'मी तीन तर्क देतो' यापेक्षा 'मी तीन कारणे देतो' हे सरळ. हिंदीतल्या 'प्रमाण'च्या जागी मराठीत 'पुरावा' लिहावा, कारण आपल्याकडे प्रमाण म्हटले की आधी मोजमाप आठवते. हिंदीची 'परिभाषा' ती मराठीची 'व्याख्या'. मराठीची 'परिभाषा' म्हणजे एखाद्या शास्त्राची शब्दावली, आणि हिंदीची 'व्याख्या' म्हणजे स्पष्टीकरण. 'दाखला' तर गमतीचा शब्द आहे. हिंदीत 'दाखिला' म्हणजे शाळेतला प्रवेश. मराठीत शाळा सोडतानाही दाखला मिळतो आणि म्हणण्याला आधार म्हणून आपण दाखला देतोही.

माझ्या मते या सगळ्यांत शिकवण्यासारखा पहिला शब्द 'पटणे' हा आहे. 'समजले, पण पटले नाही' या चार शब्दांत वादाचे अर्धे शास्त्र आहे. समजणे ही बुद्धीची पावती झाली आणि पटणे ही मनाची संमती. 'मान्य करणे' आणखी वेगळे, कारण न पटताही माणूस बहुमत मान्य करतो. वाक्याची घडणही पाहावी. 'मला पटले' असे आपण म्हणतो, 'मी पटलो' असे नाही. बोलणारा कारणे पुढे ठेवतो, पण पटायचे की नाही हे ऐकणाऱ्याकडेच राहते. हिंदीतल्या 'पटाना'मध्ये लाडीगोडी आहे, गळ घालणे आहे. तो अर्थ आता मराठीतल्या 'पटवणे'लाही चिकटला आहे. म्हणून शाळेत 'पटवून देणे' असे पूर्ण क्रियापद वापरावे. कारण, पुरावा आणि दाखला हे सारे त्या 'देणे'त येते.

हे शब्द एकत्र कसे चालतात, ते देवासच्याच उदाहरणावरून पाहता येईल. १९९० च्या सुमारास या शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. गावोगावच्या कूपनलिका खोल खोल जाऊन आटत होत्या. २००६ मध्ये तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना स्वतःच्या शेतात तळी खोदण्याचा आग्रह धरला. तळ्यांना 'रेवासागर' आणि ती खोदणाऱ्यांना 'भगीरथ कृषक' असे नाव मिळाले. हजारो तळी झाली. शेतकऱ्याने आपली पिकती जमीन पाण्याखाली घालावी, हे पटवून देणे सोपे नव्हते. यावर विद्यार्थ्याने मराठीत लिहायचे ठरवले तर ते साधारण असे होईल :

"प्रत्येक मोठ्या शेतकऱ्याने शेतात तळे करावे, असे माझे मत आहे. याचे कारण, कूपनलिका जमिनीतले साठलेले पाणी उपसते, तर तळे पावसाचे पाणी अडवते. तळ्यात गेलेल्या जमिनीचे पीक बुडते, असा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे. पण उरलेल्या जमिनीला रब्बीत पाणी मिळाले, तर गहू-हरभऱ्याचे दुसरे पीक निघते आणि तूट भरून येते."

'तो खरा आहे' हे तीन शब्द मुले सहसा लिहीत नाहीत. आक्षेपातले खरे तेवढे कबूल केले की पुढच्या 'पण'ला वजन येते. आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध बाजूचे म्हणणे, नीट मांडत आणि मग उत्तराला लागत. स्पर्धेतल्या 'पक्ष-विपक्ष' भाषणांत हे होत नाही, कारण तिथे विरुद्ध बाजू मांडायला दुसरा मुलगा उभा असतो. निबंधात दोन्ही बाजूंचे वकील आपणच.

जोडशब्दांकडेही लक्ष द्यावे. 'मात्र' हिंदीत 'फक्त' या अर्थी येतो, 'मात्र दो दिन'. मराठीत तो विरोध दाखवतो आणि ज्या शब्दावर भर असेल त्याच्या मागून येतो : 'पाऊस भरपूर झाला, विहिरी मात्र कोरड्याच.' 'अर्थात' हिंदीत 'म्हणजे' आहे. मराठीत पुष्कळदा तो 'हे तर उघडच' असे सुचवतो. त्यामुळे पुरावा न देता 'अर्थात' लिहिले, तर वाचणाऱ्याला गृहीत धरल्यासारखे होते. 'जरी'ने सुरू केलेले वाक्य 'तरी'पर्यंत न्यावे. मध्येच सोडलेले 'जरी' प्रत्येक वर्गात सापडते.

शिक्षकांनी एक तास असा घेऊन पाहावा. 'तलावात गणेशमूर्ती विसर्जन करावी का?' हा धार आणि देवास दोन्हीकडे चालणारा विषय. प्रत्येकाने पाच ओळींत मत आणि कारण लिहावे. मग वह्या बदलाव्यात. शेजाऱ्याने त्याच पानावर 'समजले, पण पटले नाही, कारण…' अशी सुरुवात करून एकच आक्षेप लिहावा. वही परत आली की मालकाने आधी त्या आक्षेपातले खरे किती ते लिहावे आणि नंतरच उत्तर द्यावे. शब्द अडला तर हिंदी शब्द कंसात लिहून ठेवायला हरकत नाही. तासाच्या शेवटी ते कंस फळ्यावर घेऊन सगळ्यांनी मिळून सोडवावेत.